शे पानीस
अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या बर्कली शहरातील ख्यातनाम उपाहारगृह. २८ ऑगस्ट १९७१ रोजी ॲलिस वॉटर्स यांनी शॅटक ॲव्हेन्यूवरील एका जुन्या घरात ते सुरू केले. मार्सेल पान्योल यांच्या मार्सेय शहरावरील चित्रपटत्रयीतील पानीस या पात्रावरून हे नाव आले. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘पानीसच्या घरी’. नावातला हा घरगुतीपणा येथील पंक्तीतही आहे.

विद्यार्थिदशेत फ्रान्समध्ये राहताना वॉटर्स यांना बाजारातील ताज्या मालावर बेतलेल्या जेवणाची गोडी लागली. पहिल्या रात्री ऑलिव्ह घालून शिजवलेले बदक, सॅलड आणि प्लमचा टार्ट असा बेत होता. ताटाचा दर ३.९५ डॉलर. खालच्या दालनात पाहुण्याने निवड करायची नसते. शेतातून आलेल्या मालानुसार रोज एकच बेत ठरतो. वरच्या मजल्यावरील कॅफेत (१९८०) मात्र हवा तो पदार्थ मागवता येतो; भट्टीतला पिझ्झा तेथला.

१९८२ मध्ये आगीत स्वयंपाकघर व भोजनदालन यांमधील भिंत जळाली. ती पुन्हा बांधली नाही, त्यामुळे पाहुण्यांना रांधणारे हात दिसू लागले. महागड्या उपाहारगृहातला दबदबा येथे जाणवत नाही, याचे मोठे श्रेय या मोकळ्या जागेला द्यावे लागेल. जेवणाअखेर कधी नुसती पिकलेली फळेच येतात. उत्तम फळावर काही करू नये, एवढा संयम थोड्याच आचाऱ्यांना साधतो.

१९९२ मध्ये उपाहारगृहाला आणि वॉटर्स यांना जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाले.