पाच सालची खूण

आपल्या नदीकाठच्या गावांत पुराची वर्षे पाठ असतात. घर कधी बांधले, मुलीचे लग्न कधी झाले, हे सांगतानाही ‘पाच सालच्या पुराआधी’ असे सहज तोंडी येते. यंदाच्या स्मरणिकेत त्या आठवणीबद्दलच लिहितो, कारण २०१९ साली तिनेच अनेकांना गाफील ठेवले.

आधी आपल्या नद्यांचा स्वभाव पाहू. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते. निपाणीकडून येणारी वेदगंगा दूधगंगेला मिळते आणि दूधगंगा कल्लोळ-यडूरजवळ कृष्णेत जाते. म्हणजे महाबळेश्वरपासून भुदरगडापर्यंत घाटमाथ्यावर पडलेला पाऊस अखेर आपल्या दारातून जातो. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. आपल्याकडे त्याचा लहानसा हिस्सा. म्हणूनच इथे ऊन पडलेले असतानाही नदी चढत असते. वाडीला दक्षिणद्वार सोहळा झाल्याची बातमी आली की नदीकाठच्या माणसाने हात जोडावेत आणि दावणीची गुरेही मोजून ठेवावीत. आज राजापूर बंधाऱ्यातून किती क्युसेक आणि दूधगंगेतून किती, याची बेरीज केली की कल्लोळला काय येणार हे कळते. सीमा १९५६ साली कागदावर बदलली. पाण्याची वाट तीच राहिली.

२००५ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५३ फुटांपुढे गेले. आपल्याकडेही भिंतींवर त्याच्या खुणा राहिल्या. पुढे १४ वर्षे त्याच खुणेवर लोकांचा हिशेब चालला.

ऑगस्ट २०१९ मध्ये सरकारी कामानिमित्त मी नदीकाठच्या एका गावात होतो. घर सोडा म्हणून विनवत होतो. एक आजोबा पायरीवर बसून म्हणाले, “साहेब, पाच साली पाणी ह्या पायरीपतूर आलं हुतं. त्याच्या वर कधी आलंय काय?” माझ्याकडे उत्तर नव्हते. पहाटे ती पायरी पाण्याखाली होती. आजोबांना नावेतून काढले. निवारा केंद्रात ते दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. त्या वर्षी आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांपुढे गेले. २ सप्टेंबरला गणपती बसले, तेव्हा कित्येक घरांच्या भिंती अजून ओल्या होत्या. पुढे जुलै २०२१ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी आले आणि महामार्ग पुन्हा बंद पडला.

खूण सांगते की पाणी एकदा इथवर आले होते. याच्या वर येणार नाही, असे ती कधीच सांगत नाही.

नदी निदान दोन दिवसांची सवड देते. वळीव तेवढीही देत नाही. एप्रिल-मेच्या उन्हाने जमीन तापते, समुद्राकडची दमट हवा वर चढते आणि दुपारनंतर काळे ढग उभे राहतात. तासाभरात गारा, वीज आणि पाणी. सकाळी कोरडा असलेला ओढा संध्याकाळी मोटारसायकल ओढून नेतो. ओढ्याच्या पुराची खूण कुणी जपत नाही, म्हणून तिथे धाडस जास्त होते. फरशीवरून पाणी वाहत असेल तर थांबावे. वाट अर्ध्या तासाने मोकळी होते. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनाने भागले की वीज किती किलोमीटरवर पडली ते कळते. आकडा दहाच्या आत आला की झाडाखाली न थांबता पक्के घर गाठावे.

गौरी-गणपतीला सगळे घरी जमतात. या वेळी घरातल्या थोरांना पुराच्या आठवणी जरूर विचारा आणि वर्षासह लिहून ठेवा. फक्त पाणी चढू लागले की ती वही पिशवीत घाला आणि वेळेत बाहेर पडा.