कार्डांचा बाजार नेमका कोण चालवतो? तंबाखूच्या पाकिटापासून कोट्यवधींच्या लिलावापर्यंत

१/ ऑगस्ट २०२२. अमेरिकेतील हेरिटेज या लिलावगृहात तळहातावर मावेल एवढे एक बेसबॉल कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले. कार्ड १९५२ सालचे, टॉप्स कंपनीचे. त्यावर छबी न्यूयॉर्क यांकीजच्या मिकी मँटल यांची. छापले गेले तेव्हा असे कार्ड च्युइंग गमच्या अवघ्या एका किंवा पाच सेंटच्या पाकिटात मिळत असे.

२/ त्या मालिकेचा अखेरचा भाग बाजारात इतका उशिरा आला की तो खपलाच नाही. मालिकेचे रचनाकार साय बर्गर यांनी पुढे सांगितले की, १९६० च्या सुमारास उरलेला साठा बोटीत भरून अटलांटिक महासागरात बुडवण्यात आला. मँटल यांचे कार्ड याच भागातले. समुद्रात टाकण्याजोगा माल साठ वर्षांत एवढा मौल्यवान कसा झाला? या थ्रेडचा विषय हाच आहे.

३/ नेहमीची उत्तरे तपासून पाहू. ‘पहिले कार्ड म्हणून’? मँटल यांचे पहिले कार्ड १९५१ मध्ये बोमन कंपनीने काढले होते. ‘सर्वांत दुर्मीळ म्हणून’? त्या अखेरच्या भागात छपाईच्या प्रत्येक तावावर मँटल दोनदा होते, म्हणजे शेजारच्या बहुतेक कार्डांहून त्यांच्या प्रती अधिक. ‘खेळामुळे’? कीर्ती मोठी होती हे खरेच. पण १९६८ नंतर त्यांनी एकही सामना खेळलेला नाही.

४/ माझे प्रतिपादन असे: हौस आणि आठवण यांतून मागणी जन्मते, परंतु बाजार चालवतो तो ‘दुर्मीळ काय आणि अस्सल काय’ हे ठरवण्याचा अधिकार. सुमारे १४० वर्षांत हा अधिकार अनेक हातांतून गेला. कारखानदार, दरपत्रक, प्रतवारी करणारा आणि शेवटी परवानाधारक. हा प्रवास क्रमाने पाहू.

५/ आरंभ तंबाखूपासून. १८८० च्या दशकात रिचमंडची अ‍ॅलन अँड गिंटर कंपनी सिगारेटचे कागदी पाकीट चुरगळू नये म्हणून आत पुठ्ठ्याचे कार्ड घालू लागली. संच पुरा करायचा तर पुन्हा तेच पाकीट घेणे आले. १८९० मध्ये जेम्स ड्यूक यांनी प्रमुख कंपन्या एकत्र करून अमेरिकन टोबॅको कंपनी उभारली. स्पर्धा संपली आणि कार्डेही जवळजवळ थांबली. लोकांची हौस तेव्हा आटली नव्हती. कारखानदाराची गरज संपली होती.

६/ १९०९ मध्ये याच कंपनीने पुन्हा कार्डे काढली. त्यात पिट्सबर्गचे होनस वॅग्नर होते. त्यांनी आपली छबी वापरण्यास हरकत घेतली. मुलांनी तंबाखू घेऊ नये म्हणून की मोबदला मिळाला नाही म्हणून, याबद्दल मतभेद आहेत. छपाई थांबली, आज जेमतेम काही डझन प्रती उरल्या आहेत. २०२२ मध्ये त्यांतील एक ७२ लाख ५० हजार डॉलरना विकली गेली. एका खेळाडूच्या नकारातून हे दुर्भिक्ष जन्मले!

७/ या कार्डांच्या मालिकेला आज ‘टी २०६’ म्हणतात. हे नाव कंपनीचे नव्हे. ते दिले जेफरसन बर्डिक यांनी. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूजचे हे साधे नोकरदार गृहस्थ. १९३९ मध्ये त्यांनी कार्डांची पहिली व्यापक सूची सिद्ध केली. सूचीत किमतीही होत्या. मात्र आपला तीन लाखांहून अधिक कार्डे, चित्रे व जाहिरातपत्रके यांचा संग्रह त्यांनी मेट्रोपॉलिटन संग्रहालयास दान केला. संधिवाताने आखडलेल्या हातांनी तो वह्यांत चिकटवण्याचे काम जानेवारी १९६३ मध्ये पूर्ण झाले. मार्चमध्ये त्यांचे निधन झाले.

८/ युद्धोत्तर काळात ग्राहक बदलला. सिगारेट ओढणाऱ्या प्रौढाच्या जागी गम चघळणारे मूल आले. १९५६ मध्ये टॉप्सने प्रतिस्पर्धी बोमनला विकत घेतले. टॉप्सची खरी संपत्ती होती करारांची फाइल. कनिष्ठ स्पर्धांतील नवोदितांना ५ डॉलर देऊन त्यांच्या छबीचे हक्क आधीच बांधून घेतले जात.

९/ मग प्रश्न उभा राहिला की चेहरा कोणाचा आणि कमाई कोणाची? खेळाडू संघटनेचे मार्व्हिन मिलर यांनी टॉप्सकडे वाढीव मोबदला मागितला. नकार मिळताच खेळाडूंनी टॉप्सच्या छायाचित्रकारांसमोर उभे राहणे बंद केले. १९६८ च्या करारात वार्षिक १२५ डॉलरचे २५० झाले आणि विक्रीतला टक्काही मिळाला. खेळाडूंचा सामूहिक परवाना हे बळ आहे, हे तेव्हा सिद्ध झाले. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे परत येईल.

१०/ १९८० मध्ये फिलाडेल्फियाच्या न्यायालयाने फ्लीअर कंपनीच्या दाव्यात टॉप्सची मक्तेदारी बेकायदा ठरवली. नुकसानभरपाई १ डॉलर, कायद्याने तिप्पट म्हणजे ३ डॉलर! १९८१ मध्ये फ्लीअर व डॉनरस बाजारात उतरल्या. त्याच वर्षी अपिलात निकाल फिरला. मग गमऐवजी स्टिकर आणि चित्रकोड्याचे तुकडे देऊन दोघी टिकून राहिल्या. दरवाजा उघडला तो उघडलाच.

११/ दरम्यान संख्याशास्त्राचे प्राध्यापक जेम्स बेकेट यांनी कार्डांच्या किमतींचे सर्वेक्षण सुरू केले. १९७९ मध्ये दरपुस्तक निघाले, १९८४ मध्ये मासिक. आता बुटांच्या खोक्यातल्या प्रत्येक कार्डासमोर छापील आकडा होता. छापील आकड्याला अधिकाराचे वलय असते. मुलांचा खेळ पाहता पाहता गुंतवणूक झाला.

१२/ परिणाम काय झाला? १९८० च्या दशकाच्या अखेरीस छापखान्यांनी कार्डांचा पूर आणला. लोक पाकिटे न फोडता साठवू लागले. मँटल यांचे कार्ड महाग झाले कारण बहुतेकांनी ते जपलेच नव्हते. या काळातली कार्डे मात्र सर्वांनीच जपली. १९९४ च्या संपाने बेसबॉलवरचे मनही उडाले आणि भाव कोसळले. संग्राहकच बाजार चालवत असते, तर सर्वाधिक संग्राहक असताना तो कोसळला नसता.

१३/ अतिरिक्त छपाईच्या या ढिगातून दुर्मीळता पुन्हा कशी घडवायची? उत्तर होते प्रतवारी. १९९१ मध्ये पीएसए ही संस्था सुरू झाली. कार्ड तपासायचे, १ ते १० गुण द्यायचे, प्लास्टिकच्या कवचात बंद करायचे आणि कोणत्या प्रतीची किती कार्डे आली याची मोजदाद ठेवायची. कार्डे हजारो असोत, ‘१० गुणांची’ मोजकीच. दुर्मीळता आता छापखान्यातून तपासनिसाच्या टेबलावर आली.

१४/ पीएसएने प्रतवारी केलेले पहिलेच कार्ड होनस वॅग्नर यांचे होते. आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्यांचे सहकारी ब्रूस मॅकनॉल यांनी १९९१ मध्ये ४,५१,००० डॉलरना घेतलेले. त्याला ८ गुण मिळाले. २०१३ मध्ये लिलावदार बिल मास्ट्रो यांनी न्यायालयात कबूल केले की त्या कार्डाच्या कडा आपणच कापल्या होत्या. ज्या कडांच्या धारदारपणावर गुण मिळतात, त्याच कापलेल्या! कागद अस्सल आहे म्हणून साक्ष अस्सल ठरत नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथेही विसरू नये.

१५/ २०२० ची महासाथ. घरात अडकलेले लोक जुनी खोकी उघडू लागले. मायकेल जॉर्डन यांच्यावरील माहितीपट मालिका आली. १९८६ च्या फ्लीअर मालिकेतील त्यांचे १० गुणांचे कार्ड जानेवारी २०२१ मध्ये ७,३८,००० डॉलरना विकले गेले. पुढे भाव निम्म्याहूनही खाली आला. मार्चअखेर पीएसएने कामाच्या ढिगाऱ्यापुढे बहुतेक सेवा थांबवल्या. मे महिन्यात दुकानाबाहेरील हाणामारीनंतर टार्गेटने कार्डविक्री स्थगित केली. गर्दी रांगेत उभी होती. दार दुसऱ्याच्या हाती होते.

१६/ जाणत्या भांडवलाने तेव्हा दारेच विकत घेतली. पीएसएची मूळ कंपनी २०२१ च्या आरंभी सुमारे ८५ कोटी डॉलरना विकली गेली. ऑगस्ट २०२१ मध्ये फॅनॅटिक्सने बेसबॉल लीग आणि खेळाडू संघटना यांचे भावी परवाने मिळवले. टॉप्सचा सुमारे सत्तर वर्षांचा आधार गेला आणि जानेवारी २०२२ मध्ये फॅनॅटिक्सने टॉप्सचा कार्डव्यवसायच सुमारे ५० कोटी डॉलरना घेतला. मिलर यांनी दाखवलेले परवान्याचे बळ ते हेच. २०२३ मध्ये पानिनी कंपनीने मक्तेदारीचा आरोप करत दावा दाखल केला. १९८० चा खटला आठवला ना?

१७/ वर्तुळ पूर्ण करणारा तपशील: मँटल यांच्या त्या कार्डाला ९.५ गुण एसजीसी या प्रतिस्पर्धी संस्थेने दिले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएसएच्या मालकांनी एसजीसीही घेतली. कार्डे आता एकेकच प्रत म्हणूनही छापली जातात. अपर डेकचे जॉर्डन आणि कोबी ब्रायंट यांचे असे एकमेव कार्ड ऑगस्ट २०२५ मध्ये १ कोटी २९ लाख डॉलरवर गेले आणि मँटल यांचा विक्रम मोडला. दुर्मीळतेसाठी आता समुद्राची गरज उरलेली नाही. ती छापतानाच ठरते.

१८/ म्हणून ‘हे कार्ड कितीचे?’ याआधी ‘हा आकडा कोणी ठरवला आणि त्यात त्याचा लाभ काय?’ असे विचारावे. बर्डिक यांच्या वह्या आजही संग्रहालयात आहेत. त्यांतल्या कार्डांच्या पाठीला डिंक लागलेला आहे, त्यामुळे प्रतवारीत त्यांना बहुधा फारसे गुण मिळणार नाहीत. मात्र ज्या नावांनी आजचा बाजार ही जुनी कार्डे ओळखतो, ती नावे त्याच वह्यांच्या धन्याने दिलेली आहेत.