मिनिटांचा कारभार : राज्यसभेच्या कामकाजाची वाटचाल

राज्यसभेला सरकार पाडता येत नाही. अर्थसंकल्पावर ती चर्चा करते, पण अनुदानाच्या मागण्यांवर मत देत नाही. धन विधेयक तिच्याकडे आले की चौदा दिवसांत परत करावे लागते, आणि तिच्या शिफारशी लोकसभेवर बंधनकारक नसतात. एवढे अधिकार वजा केल्यावर हाती राहतो तो मुख्यतः वेळ. कोणता विषय कधी घ्यायचा, त्याला किती तास द्यायचे, कोणाला किती मिनिटे बोलू द्यायचे, यावरून या सभागृहात जितके झगडे झाले, तितके क्वचितच दुसऱ्या कशावरून झाले असतील. म्हणून राज्यसभेची वाटचाल समजून घ्यायला तिने मंजूर केलेल्या कायद्यांच्या यादीपेक्षा तिची रोजची कार्यक्रमपत्रिका अधिक उपयोगी पडते.

दुसऱ्या सभागृहाची गरज सांगताना गोपालस्वामी अय्यंगार यांनी १९४७ साली संविधान सभेत याच मुद्द्यावर भर दिला होता. तात्कालिक आवेगातून आलेला कायदा थोडा थोपवून धरावा, तोवर आवेग निवळावा, ही त्यामागची कल्पना. ३ एप्रिल १९५२ रोजी सभागृह अस्तित्वात आले आणि १३ मे रोजी पहिली बैठक भरली. सदस्य २१६, त्यांपैकी १२ राष्ट्रपतिनियुक्त. उपराष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन पदसिद्ध सभापती झाले. मुंबई राज्यातून निवडून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच सभागृहात होते. डिसेंबर १९५६ मध्ये निधन झाले तेव्हाही ते राज्यसभेचे सदस्य होते. धर्मशास्त्राच्या इतिहासाचे लेखक महामहोपाध्याय पां. वा. काणे नियुक्त सदस्य म्हणून आले, पुढे मामा वरेरकरही आले.

सभागृह नवे होते, पण नियम उसने होते. संविधान सभेने कायदेमंडळ म्हणून वापरलेले नियम थोडे फेरफार करून चालवले जात. राज्यसभेने स्वतः केलेले नियम लागू झाले १ जुलै १९६४ रोजी. त्याच वर्षी हिंदी-इंग्रजी भाषणांचे तत्काळ भाषांतर कानाला लावलेल्या यंत्रातून ऐकू येऊ लागले. २०१८ पासून आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांत बोलण्याची सोय झाली, आणि कोकणीत बोलू इच्छिणाऱ्यालाही दुभाषा मिळाला. मात्र आधी सूचना द्यावी लागते.

प्रश्नोत्तरांना सुरुवातीच्या काळात आठवड्याचे सगळे दिवस मिळत नसत. पुढे तो रोजचा तास झाला आणि सभागृहाचा दिवस त्याच्यापासून सुरू होऊ लागला. मंत्रालयांचे पाच गट केलेले असतात आणि प्रत्येक गटाला आठवड्यातला एक वार नेमून दिलेला असतो. सदस्याला पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते, आणि कोणाचा प्रश्न लागणार हे सोडतीवर ठरते. रोज १५ तारांकित प्रश्न यादीवर येतात. त्यांना मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. १६० अतारांकित प्रश्नांची उत्तरे लेखी मिळतात. खरी कसोटी पुरवणी प्रश्नाला लागते, कारण तिथे अधिकाऱ्यांनी लिहून दिलेला कागद मंत्र्याला पुरत नाही.

पण अकराचा ठोका पडला की गोंधळ ठरलेला, असे दिवस आले. काल घडलेल्या गोष्टीवर बोलायला उतावीळ असलेले सदस्य प्रश्नोत्तरे संपेपर्यंत थांबायला तयार नसत, आणि बळी जाई तो प्रश्नोत्तरांचा. सभापती हमीद अन्सारी यांच्या काळात २०११ साली हा तास दुपारी दोनला नेऊन पाहिला. तो प्रयोग टिकला नाही. नोव्हेंबर २०१४ पासून क्रमच बदलला. आता अकराला आधी कागदपत्रे पटलावर ठेवली जातात, मग शून्य प्रहर होतो आणि बाराला प्रश्न घेतले जातात. शून्य प्रहराचा नियमावलीत उल्लेख नाही, तो रूढीने आला. सकाळी दहापर्यंत सूचना द्यायची, सभापतींनी परवानगी दिली तर तीन मिनिटे बोलायचे. वेळ संपली की माइक बंद. ज्यांना तिथे संधी मिळत नाही, त्यांच्यासाठी विशेष उल्लेख आहे. मजकूर फार तर २५० शब्दांचा आणि आधी मंजूर करून घेतलेला.

दुपारी सरकारी कामकाज असते. कोणत्या विधेयकाला किती तास, हे कामकाज सल्लागार समिती सुचवते. समितीत अकरा जण असतात आणि अध्यक्षस्थानी स्वतः सभापती. ठरलेले तास मग पक्षांच्या संख्याबळानुसार वाटले जातात. चार तासांच्या चर्चेत मोठ्या पक्षाला तासाहून अधिक वेळ मिळतो, तर एकदोन सदस्यांच्या पक्षांना ‘इतर’ या डब्यात बसून चारपाच मिनिटांत राज्याचे गाऱ्हाणे मांडावे लागते. घंटी वाजवून वक्त्याला आवरणाऱ्या उपसभापतींमध्ये महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. चंद्रपूरचे बॅ. भाऊराव खोब्रागडे १९६९ ते १९७२ या काळात उपसभापती होते, प्रतिभाताई पाटील १९८६ ते १९८८ मध्ये. आणि महाराष्ट्रातून निवडून आलेल्या नजमा हेपतुल्ला दोन टप्प्यांत मिळून सोळा वर्षांहून अधिक काळ.

शुक्रवार दुपारचे अडीच तास खासगी सदस्यांचे असतात. एका शुक्रवारी विधेयके, पुढच्या शुक्रवारी ठराव. एरवी ही चर्चा मंत्र्याच्या आश्वासनावर आणि विधेयक मागे घेण्यावर संपते. २४ एप्रिल २०१५ चा शुक्रवार मात्र वेगळा निघाला. द्रमुकचे तिरुची शिवा यांचे तृतीयपंथीयांच्या हक्कांचे विधेयक राज्यसभेने मंजूर केले. लोकसभेत ते पार पडले नाही, पण सरकारला या विषयावर स्वतःचे विधेयक आणणे भाग पडले आणि २०१९ मध्ये कायदा झाला. तो मूळ मसुद्यापेक्षा बराच वेगळा होता, तरी विषय संसदेच्या दारात आणला तो त्या अडीच तासांनी.

थोपवून धरण्याची ताकद सर्वांत ठळक दिसली ५ सप्टेंबर १९७० रोजी. संस्थानिकांचे तनखे रद्द करणारे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेतून आले होते. राज्यसभेत बाजूने १४९, विरोधात ७५. दोनतृतीयांशाचा हिशेब १४९ च्या किंचित वर जात होता, आणि विधेयक एका मताच्याही आतल्या फरकाने पडले. तनखे शेवटी १९७१ मध्ये गेलेच, पण मध्ये निवडणूक झाली आणि सरकारला लोकांपुढे जावे लागले.

दिवस पुरला नाही तेव्हा सभागृहाने रात्रीही जागवल्या. १९८१ मध्ये अत्यावश्यक सेवांच्या विधेयकावरची बैठक पहाटे पावणेपाचपर्यंत चालली. ३ एप्रिल २०२५ ला सकाळी अकराला सुरू झालेली बैठक वक्फ दुरुस्ती विधेयक १२८ विरुद्ध ९५ मतांनी मंजूर करून दुसऱ्या दिवशी पहाटे चारनंतर उठली. याउलट २९ डिसेंबर २०११ ची रात्र. लोकपाल विधेयकावर १८७ दुरुस्त्या आल्या होत्या, अधिवेशनाचा तो शेवटचा दिवस होता, आणि मध्यरात्रीच्या सुमारास मतदान न होताच सभागृह बेमुदत तहकूब झाले. घड्याळ पुढे ढकलायचे की त्याच्या आड लपायचे, हे त्या त्या वेळच्या संख्याबळाने ठरवले.

अलीकडे भांडण विषयावर होण्याआधी नियमाच्या क्रमांकावर होते. नियम १७६ खाली अल्पकालीन चर्चा होते, अडीच तासांची आणि मतदानाविना. नियम २६७ लावला तर दिवसाचे सारे काम बाजूला सारून एकच विषय घेता येतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदीवरची चर्चा २६७ खाली सुरू झाली होती. २०२३ च्या पावसाळी अधिवेशनात मणिपूरमधील हिंसाचारावरच्या चर्चेसाठी विरोधक २६७ वर अडून राहिले, सरकार १७६ च्या पुढे गेले नाही, आणि दिवसामागून दिवस तहकुबीत गेले. अशा गोंधळाचा फटका ज्याचा त्या वादाशी संबंध नाही त्यालाही बसतो. २१ डिसेंबर २०१७ रोजी खेळण्याच्या हक्कावर सचिन तेंडुलकर यांचे पहिले भाषण ठरले होते. ते उभे राहिले, पण गदारोळात बोलता आले नाही, आणि दुसऱ्या दिवशी तेच भाषण त्यांनी समाजमाध्यमावर केले.

सप्टेंबर २०२० मध्ये करोनामुळे सदस्य दोन्ही सभागृहांत आणि गॅलऱ्यांत विखरून बसले. सभा भरली, विधेयके मंजूर झाली. वगळला गेला तो प्रश्नोत्तरांचा तास. काटकसर करायची वेळ आली तेव्हा कात्री सरकारी कामाला लागली नाही, सरकारला विचारण्याच्या वेळेला लागली. पुढच्या अधिवेशनात तो तास परत आला.

सप्टेंबर २०२३ पासून राज्यसभा नव्या इमारतीत बसते. तिथे ३८४ आसनांची जागा आहे आणि महिला आरक्षणाचे विधेयक तिथेच २१४ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाले. जागा वाढली, पण दिवस वाढलेले नाहीत. पहिल्या दशकांच्या तुलनेत सभागृह आता वर्षाकाठी बरेच कमी दिवस बसते. मिनिटे वाटायचा अधिकार सभापती आणि समितीकडे असला, तरी अधिवेशन कधी बोलवायचे हे मंत्रिमंडळ ठरवते. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर नको, एवढेच राज्यघटना सांगते. वर्षाला किमान किती दिवस बसायचे, याबद्दल ती काही सांगत नाही. तो आकडा कायद्यात येत नाही, तोवर राज्यसभा आपल्या तीन मिनिटांचा हिशेब चोख ठेवील, आणि ती तीन मिनिटे वर्षात किती दिवस मिळणार हे ज्याला प्रश्न विचारायचे त्याच्याच हाती राहील.