घराचे उष्णतारोधन : खर्च आणि वसुली

छत, भिंती व खिडक्यांतून होणारी उष्णतेची ये-जा रोखण्यासाठी खनिज लोकर, काचतंतू, थर्माकोल, पॉलियुरेथेन फोम अशा दुर्वाहक पदार्थांचा थर घालणे म्हणजे उष्णतारोधन. एकूण खर्चाला इंधनाच्या किंवा विजेच्या वार्षिक बचतीने भागले की वसुलीचा काळ निघतो. पदार्थ कोणता यापेक्षा त्या घरात आधी किती ऊर्जा खर्च होत होती, यावर तो अधिक अवलंबून असतो. शिवाय मोठी बचत पहिल्या थरातच होते. पुढचे थर पैसे तेवढेच खातात, पण उष्णता कमी-कमी अडवतात. म्हणून थंड देशांत उघडा पोटमाळा झाकणे सहसा परवडते, तर आधीच रोधन असलेल्या भिंतींवर पुन्हा खर्च करणे क्वचितच.

कागदावरची बचत आणि प्रत्यक्ष बिल यांत अंतर पडते. अमेरिकेत अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांसाठी १९७६पासून रोधनसाहाय्य योजना चालू आहे. मेरेडिथ फाउली, मायकेल ग्रीनस्टोन आणि कॅथरीन वुल्फ्रम यांनी मिशिगन राज्यातील सुमारे ३०,००० कुटुंबांच्या आधारे तिची तपासणी केली. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार ऊर्जावापर १० ते २० टक्के घटला. परंतु सुरुवातीचा खर्च बचतीच्या जवळजवळ दुप्पट निघाला. घरे पूर्वीपेक्षा जास्त गरम ठेवल्यामुळे बचत बुडाली, असेही आढळले नाही. अभियांत्रिकी गणितातच ती फार फुगवलेली होती. तरीही बिल हा एकमेव निकष मानणे योग्य नाही. न्यूझीलंडमध्ये थंड, दमट घरांना रोधन केल्यावर रहिवाशांचे श्वसनाचे त्रास आणि शाळेतील गैरहजेरी कमी झाली. तिथल्या सरकारी योजनेचा मोठा लाभ आरोग्याचाच होता.

महाराष्ट्रात प्रश्न थंडीचा नसून तापणाऱ्या स्लॅबचा आहे. धाब्याच्या घरांत मातीचा जाड थर हे काम करी. आरसीसीच्या पातळ छताने ते संरक्षण गेले. केंद्राच्या ‘इको निवास संहिता २०१८’नुसार छताचा उष्णतापारगम्यता गुणांक १.२ वॅट प्रति चौरस मीटर प्रति केल्व्हिनहून अधिक नसावा. नुसत्या स्लॅबचा तो तीनच्या पुढे असतो. ५० मिलिमीटर फोमने तो ०.६च्या आसपास येतो. थर स्लॅबच्या वरून घालणे अधिक गुणकारी, कारण मग स्लॅब तापतच नाही.

वरच्या मजल्यावर उन्हाळाभर एसी चालत असेल, तर हा खर्च वसूल होण्याची शक्यता चांगली. पंख्यावर भागवणाऱ्या घरात वाचवण्याजोगी वीजच थोडी, त्यामुळे बिलातून वसुली जवळपास होत नाही. मात्र नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात छताखाली झोपणाऱ्या याच कुटुंबांना रोधनाची सर्वाधिक गरज असते आणि बिलाच्या हिशेबावर त्यांना मदतीतून वगळणे अन्यायाचे आहे. चुन्याचा किंवा परावर्तक पांढरा रंग हा त्यांच्यासाठी सर्वांत स्वस्त उपाय. धूळ व पावसामुळे तो वरचेवर द्यावा लागतो. रोधन करायचेच असेल, तर गच्चीचे वॉटरप्रूफिंग नव्याने होत असतानाच करावे. कोबा आणि फरशीचा खर्च दोनदा होत नाही.