भट्टीवरची नानकटाई

पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं झाली. पाहुण्यांत टिळक आणि रानडे दोघेही होते. गोपाळराव जोशींनी (डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, कळ लावण्यात हातखंडा!) नावं वर्तमानपत्रात छापून आणली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. त्याआधी मुंबईतल्या परमहंस मंडळीत तर सभासद होताना ख्रिस्त्याच्या हातचा पाव खावा लागे, तोही गुपचूप.

मला हे वाचताना आजी आठवते. दिवाळीत ती परातीत तूप आणि पिठीसाखर तळहाताने फेसत बसे, पार पांढरंशुभ्र होईपर्यंत. मग मैदा, थोडं बेसन, वेलदोडा. मळलेला गोळा डब्यात घालून मी आणि काका पेठेतल्या बेकरीत जायचो. तिथे नानकटाया पत्र्यावर मांडायच्या, भाजणावळ द्यायची आणि भट्टीपाशी ताटकळायचं. पत्र्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून आजीने सांगितलेली खूण असे : प्रत्येकीवर चमच्याच्या दांड्याने फुली. दुसऱ्यांचा डालडा आपल्या घरी नको!

भट्टीवाले चाचा मुसलमान होते. त्यांचा पाव आजीने जन्मात तोंडात घातला नाही. नानकटाई मात्र देवापुढे ठेवून फराळाच्या ताटांतून आळीभर वाटली जाई.

"आजी, भट्टी तर तीच ना?" मी एकदा विचारलं.

"पीठ आपल्या घरचं आहे," ती म्हणाली, आणि चाचांसाठी काढलेली पुडी माझ्या हातात दिली.