बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार : दांपत्यांसाठी मनोविकार परिचर्या

बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार हा भावनांवरील नियंत्रण, स्वप्रतिमा आणि निकटचे नातेसंबंध यांवर परिणाम करणारा मानसिक विकार आहे. अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत (१९८०) त्याला स्वतंत्र निदान म्हणून स्थान मिळाले. त्याची लक्षणे जवळच्या नात्यांत अधिक तीव्रतेने प्रकट होतात. त्यामुळे रुग्णाबरोबर जोडीदारालाही आधाराची गरज असते. हा आधार देण्यात मनोविकार परिचारिकेचा वाटा महत्त्वाचा असतो.

दांपत्यजीवनावरील परिणाम

जोडीदाराला घरी येण्यास उशीर झाला किंवा त्याने फोन उचलला नाही, एवढ्यानेही रुग्णाला आपण टाकले जाऊ अशी भीती वाटू शकते. ती भीती संताप, आर्जवे किंवा स्वतःला इजा करणे अशा रूपांत व्यक्त होते. जोडीदार मग जपून बोलू लागतो, काही गोष्टी लपवतो. ते लक्षात आले की रुग्णाची भीती आणखी बळावते.

परिचारिकेचे कार्य

हे चक्र कोणालाही दोष न देता दोघांपुढे उलगडून दाखवणे, हे परिचारिकेचे पहिले काम होय. मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेल्या द्वंद्वात्मक वर्तन उपचारपद्धतीत भावनेची दखल घेण्यावर भर असतो. ‘उशीर झाला म्हणून तू घाबरलीस, हे मला समजते’ असे म्हणणे म्हणजे रागाच्या भरात केलेली मोडतोड मान्य करणे नव्हे. हा भेद परिचारिका दोघांना समजावते. वाद चिघळल्यास थोडा वेळ दूर व्हावे, परंतु परतण्याची वेळ सांगून जावे; न सांगता निघून जाणे रुग्णाला परित्यागच वाटतो.

संकटकाळातील नियोजन

शांत काळातच सुरक्षा आराखडा लिहून ठेवला जातो. त्यात धोक्याची पूर्वचिन्हे, मन सावरण्याचे उपाय, संपर्क क्रमांक आणि औषधे, कीटकनाशके इत्यादी हाताबाहेर ठेवण्याची व्यवस्था यांची नोंद असते. भारतात टेली-मानस (१४४१६) ही दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते व, अन्यथा सिद्ध न झाल्यास, तिला शिक्षा होत नाही. ही माहिती दिल्यास भीतीपोटी उपचार टाळले जाण्याची शक्यता कमी होते.

मर्यादा

जोडीदाराने अहोरात्र पहारेकरी व्हावे, अशी अपेक्षा परिचारिका ठेवत नाही. त्याची झोप, नोकरी व मित्रपरिवार टिकणे हाही नियोजनाचा भाग असतो. घरात मारहाण वा धमक्या असल्यास दोघांशी स्वतंत्रपणे बोलून प्रथम सुरक्षिततेचा विचार केला जातो. निदान हे हिंसेचे समर्थन ठरत नाही. तसेच ते आयुष्यभराचा शिक्काही नव्हे. योग्य उपचारांनी अनेक रुग्णांची लक्षणे कालांतराने लक्षणीयरीत्या कमी होतात.