ईस्टर हरवलेला व्यापारी आणि रात्रभरची प्रार्थना

सोलापूरहून हैदराबादकडे जाणारा हमरस्ता आमच्या नळदुर्ग-उमरग्यावरून जातो. उमरगा सोडलं की कर्नाटक लागतं आणि तिथून बिदर फार लांब नाही. साडेपाचशे वर्षांपूर्वी हा सगळा मुलूख बहमनी राज्यात होता. आपला परांड्याचा किल्ला ज्याने बांधला असं मानतात, तो महमूद गवान तेव्हा बिदरच्या दरबारात वजीर होता. त्याच काळात, त्याच बिदरमध्ये एक रशियन व्यापारी रात्री आभाळाकडे बघत होता. ईस्टर आला की नाही, हे त्याला कळत नव्हतं.

त्याचं नाव अफनासी निकितिन. व्होल्गाकाठच्या त्वेर शहराचा. वास्को द गामाच्या पाव शतकाहून जास्त आधी तो चौलच्या बंदरात उतरला, सोबत विकायला आणलेला एक घोडा. जुन्नरच्या खानाने तो घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो म्हणाला. एका खुरासानी सरदाराने मध्ये पडून त्याला सोडवलं. हा किस्सा बऱ्याच जणांना माहीत असतो. मला मात्र त्याचं दुसरं नुकसान जास्त मोठं वाटतं.

अस्त्राखानजवळ लुटारूंनी त्याच्या मालाबरोबर धर्मपुस्तकंही नेली होती. ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, चंद्रावरून काढावी लागते. पंचांग नसलेल्या माणसाला एकादशी कशी कळणार, तशीच ही गत. मग त्याने कृत्तिका, मृग आणि सप्तर्षी कुठे आहेत ते पाहून अंदाज बांधला. मांस-तेल सोडलं, भाकरी-पाण्यावर उपास धरले. आणि आपली व्यथा प्रवासाच्या टिपणांत लिहून ठेवली.

उपास एकट्याला करता येतो. पण त्याच्या चर्चमधला ईस्टर म्हणजे रात्रभर उभं राहून सगळ्यांनी मिळून गायचा सण. तो एकट्याने कसा करायचा?

तो ज्या गाण्यात वाढला, त्याला ‘झ्नामेन्नी’ म्हणतात. ‘झ्नाम्या’ म्हणजे खूण. शब्दांच्या वर आकड्यांसारख्या वाकड्या खुणा काढायच्या आणि त्यावरून गायचं. सगळ्यांनी एकच चाल धरायची. गळा सोडून दुसरं वाद्य नाही. संबळ वाजल्याशिवाय गोंधळ उभा राहत नाही आणि टाळाशिवाय काकडा होत नाही, अशा मुलखातल्या आपल्या कानाला हे आधी ओकंबोकं वाटतं. गंमत म्हणजे त्या खुणा नेमका स्वर सांगत नव्हत्या. चाल गुरूच्या तोंडूनच उचलावी लागे, आपल्याकडच्या भजनासारखी. शिकवणारे गळे थांबले की पुस्तक असूनही मुकं. त्यामुळेच त्या काळातल्या कित्येक चाली आज कुणालाच खात्रीने वाचता येत नाहीत.

हे गाणं मोबाइलवर ऐकायचं तर मी सर्गेई रखमानिनोवच्या ‘रात्रभरच्या प्रार्थने’पासून सुरुवात करायला सांगेन. १९१५ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, त्याने जुन्या चाली घेऊन आणि काही त्यांच्याच वळणाच्या नव्या रचून १५ गीतं बांधली. त्याच वर्षी मॉस्कोच्या सिनोदल गायकवृंदाने ती पहिल्यांदा गायली. इअरफोन लावा आणि पाचवं गीत ऐका. शेवटी खर्जातले आवाज पायरी-पायरीने इतके खाली उतरतात की सूर कानापेक्षा छातीत जाणवतो. आपल्या अंत्यविधीला हेच गीत व्हावं, अशी रखमानिनोवची इच्छा होती.

पुढे क्रांती झाली आणि तो गायकवृंद मोडला. धार्मिक संगीत जाहीरपणे गाणं जवळपास बंद पडलं. तरीही १९६५ मध्ये अलेक्सांद्र स्वेश्निकोव यांनी सरकारी गायकवृंदाकडून हीच संपूर्ण रचना ध्वनिमुद्रित करून घेतली. काढणारी ‘मेलोदिया’ही सरकारीच कंपनी. तबकडी परदेशात गेली, नावाजली गेली. खुद्द सोव्हिएत दुकानांत मात्र सर्रास मिळत नव्हती. ज्या सरकारने देवळं बंद केली, त्याच्याच कंपनीने ती प्रार्थना जपून ठेवली. स्वेश्निकोव क्रांतीच्या आधी जन्मलेले होते. बंदीच्या काळातही हे गाणं कानात ठेवणारी माणसं होती, म्हणूनच ते मुद्रण होऊ शकलं.

निकितिन अखेर परत निघाला, पण त्वेरला पोचला नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. टिपणं तेवढी मागे राहिली. त्यांच्या शेवटी त्याची प्रार्थना आहे, आणि ती बरीचशी रशियनमध्ये नाहीच. अरबी, फारसी, तुर्की शब्दांची ती सरमिसळ आहे. वाटेत ऐकलेल्या भाषा त्याच्या देवापर्यंत जाऊन पोचल्या होत्या.

आपण आज एकटेच, रात्री, इअरफोन लावून पन्नास-साठ गळे एकदम ऐकू शकतो. निकितिनला ते मिळालं नाही. पण ध्वनिमुद्रण गाणं फक्त जपतं, पुढच्याच्या गळ्यात उतरवत नाही. ते काम माणसांचंच. आपल्या गावातला काकडा कोण गातं, आणि त्यांच्यानंतर कोण गाणार, हे विचारायला कुठल्या क्रांतीची वाट बघायची गरज नाही.